संघटना काढायची आहे? आधी सतरंजी घ्या, लेटरहेड नंतर छापा

निवडणुका जवळ आल्या की मला हमखास फोन येतो. "भाऊ, आपण एक संघटना काढू न, तुम्ही तर केलं आहे नं आधी." मग पहिला प्रश्न असतो नाव काय ठेवायचं, दुसरा लोगो कोण बनवून देईल, आणि तिसरा प्रश्न, म्हणजे आपला मुद्दा काय, तो आजपर्यंत एकानेही विचारलेला नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, दर वेळेस फोनवर अर्धा अर्धा तास तेच तेच बोलायचं वाचेल.

माझं क्वालिफिकेशन काही मोठं नाही. दक्षिण नागपूरच्या एका लेआउटमध्ये आम्ही काही लोकांनी प्लॉटधारकांची समिती चालवली, अजूनही चालू आहे, त्यात दोनदा फूट पडली, एकदा हिशोबावरून एवढं भांडण झालं की दोन घरांचं एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं बंद झालं, आणि एकदा आमच्यातल्या एकाला नगरसेवक व्हायचा झटका आला. बाकी जे आहे ते वाचून, ऐकून आणि या शहरात राहून आलेलं आहे, कारण पक्ष आणि संघटना कशा जन्माला येतात हे बघायचं असेल तर नागपूरसारखं गाव नाही, इथे दर दोन किलोमीटरवर कोणीतरी काहीतरी स्थापन केलेलं आहे.

नावावरूनच सुरू करतो कारण सगळे तिथूनच करतात. आपल्या नागपूरच्या महाल भागातलंच उदाहरण घ्या. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांच्या घरी बैठक झाली तेव्हा संघटनेला नावच नव्हतं, 'राष्ट्रीय स्वयंसेवक संघ' हे नाव पुढच्या वर्षी १९२६ मध्ये ठरलं, आणि लेखी घटना तर १९४९ साली आली, तीही बंदी उठवण्याआधी सरकारनं लावून धरली म्हणून. तुम्हाला संघ पटतो की नाही तो वेगळा विषय आहे, आमच्या घरातच त्यावर दोन मतं आहेत आणि जेवताना तो विषय काढायचा नाही असा नियम आहे, पण क्रम बघा न. आधी मैदानावर रोज जमणं, मग नाव, मग २४ वर्षांनी कागद. तुम्ही २४ वर्षं थांबा असं म्हणत नाही, पण २४ रविवार तरी थांबा.

मुद्दा कसा ओळखायचा

आमच्याकडे सिमेंट रोड झाला. चांगला झाला, म्हणजे गुळगुळीत झाला, पण जुना रोड खोदायचे कष्ट न घेता त्याच्यावरच टाकला आणि नवा रोड आमच्या गेटपेक्षा फूटभर वर गेला. नाली तर त्याच्याही वर. जुलैच्या पहिल्याच जोरदार पावसात रोडवरचं पाणी गेटातून अंगणात आणि अंगणातून सरळ हॉलमध्ये. शेजारच्या काकूंनी ती रात्र दिवाणावर पाय वर घेऊन काढली, तांदळाचा डबा मांडीवर, आणि दर अर्ध्या तासाने टॉर्च लावून बघायच्या की पाणी फ्रिजच्या मोटरपर्यंत आलं का. सकाळी सहाला सगळा लेआउट बाहेर, कोणाच्या हातात खराटा, कोणाच्या हातात डबडं, आणि पानठेल्यावर आम्ही सात जण तर्री पोह्याच्या प्लेटा हातात घेऊन एकच वाक्य बोलून रायलो, "काऊन बे, लेव्हल कोणी पाहिली नाही का?"

तीच आमची स्थापना सभा. त्या वेळेस आम्हाला माहीत नव्हतं एवढंच.

त्याआधी दोन वर्षं एक सर आमच्या इथे "आपण सिस्टीम बदलली पाहिजे" म्हणून लोकं जमवायचा प्रयत्न करत होते, माणूस सज्जन, बोलायचे पण छान, पण सिस्टीम बदलायला कोणी रविवारची झोप सोडत नाही. नालीची लेव्हल चुकली म्हटल्यावर चाळीस घरं बाहेर आली. तर मुद्दा असा पाहिजे की तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तो घेऊन जायला एक टेबल असतं म्हणजे कोणाकडे मागायचं ते माहीत असतं, आणि तो सुटला की डोळ्यांना दिसतो. हे तिन्ही नसेल तर तुमच्याकडे विचार आहे, मुद्दा नाही. विचारही लागतो, तो खोटा नाही, पण तो पुढे लागतो.

मोठ्या पातळीवरही गोष्ट हीच आहे. बाबासाहेबांनी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, कामगार, शेतकरी, सगळ्यांना धरून. मग १९४२ च्या मार्चमध्ये इंग्रज सरकारची योजना घेऊन क्रिप्स आले, त्या योजनेत अस्पृश्य समाजासाठी वेगळं असं ठोस काहीच नव्हतं, आणि लक्षात आलं की देशपातळीवर या समाजाच्या वतीने टेबलावर बसायला संघटनाच नाही. लगेच जुलैमध्ये, १८ ते २० तारखेला, नागपुरात परिषद झाली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. त्याच मांडवात बायकांची वेगळी परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. 'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे जे आपण भिंतीभिंतीवर वाचतो ते बाबासाहेबांनी याच नागपूरच्या भाषणाच्या शेवटी सांगितलं होतं. तारखा बघा, मार्चमध्ये प्रश्न, जुलैमध्ये संघटना. प्रश्न समोर असला की वेळ लागत नाही.

आणि राग म्हणजे मुद्दा असं पण समजू नका. राग काढायची तर आपल्याकडे वार्षिक सोय आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महागाईचा बडग्या म्हणजे पुतळा, भ्रष्टाचाराचा बडग्या, नाचत नाचत इतवारीतून काढला, "घेऊन जा गे मारबत" ओरडलो, जाळला, घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या रविवारी कोणाला आठवते?

माणसं कुठून आणायची

शून्यातून माणसं जमवायला जाऊ नका, ती आधीच जमलेली असतात, फक्त वेगळ्या कामासाठी. बायकांची भिशी, बचत गट, गणेश मंडळ, दुर्गा मंडळ, बुद्धविहारातली वंदना, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, सकाळी गार्डनमध्ये फिरणारे रिटायर्ड लोकं. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांच्या मंडळानं गावोगाव जे उभं केलं त्याचा पाया काय होता, तर रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळेला एका ठरलेल्या जागेवर बसणं, बस. आमचा पहिला मोर्चा जो जमला तो भिशीच्या सहा फोनवर जमला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तेव्हा ३८० लोकं होते आणि त्याच संध्याकाळच्या मीटिंगला अकरा आले होते, ते पण त्यातला एक जण पाण्याची कॅन द्यायला आलेला.

सुरुवातीच्या सात-आठ जणांत तीन प्रकारची माणसं पाहिजेच पाहिजे. एक चिडणारा, हा मिळवावा लागत नाही, तो तुम्हीच असता. एक सगळ्यांना ओळखणारा, हा बहुतेक किराणा दुकानवाला किंवा शिवणकाम करणारी ताई असते, यांना कोणाच्या घरी काय चाललं ते माहीत असते आणि त्यांच्या शब्दावर लोकं घराबाहेर येतात. आणि तिसरा वही लिहिणारा, हा सगळ्यात दुर्मिळ. आम्हाला एक रिटायर्ड हेडक्लार्क काका मिळाले, मीटिंगमध्ये ते एक शब्द बोलायचे नाहीत, पण तीन महिन्यांनी कोणी म्हटलं की "असं ठरलंच नव्हतं" तर काका चष्मा पुसायचे, पान उलटायचे आणि तारीख वाचून दाखवायचे. चिडणारे दहा असले आणि वही लिहिणारा एकही नसला तर ती संघटना नाही, तो पानठेला आहे.

माणसं जोडण्यात ज्यांना मी मास्तर मानतो ते कांशीराम. त्यांनी थेट पक्ष नाही काढला. पुण्यात सरकारी नोकरीत असताना सुरुवात केली आणि आधी ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ, म्हणजे मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या नोकरदारांची संघटना, ज्यांच्याकडे दर महिन्याला पगार येतो, शिक्षण आहे, आणि समाजाचं देणं लागतो ही भावना आहे. सरकारी नोकर रस्त्यावर उतरू शकत नाही, मग त्यासाठी ६ डिसेंबर १९८१ ला डीएस-फोर, म्हणजे दलित शोषित समाज संघर्ष समिती, सायकली काढून गावोगाव. आणि त्यानंतर १४ एप्रिल १९८४ ला बसपा. पहिल्या पायरीत पैसा आणि डोकं, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात मत. तारखा पण कशा निवडल्या बघा, लोकं त्या दिवशी तसेही जमलेलेच असतात.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं पण बघण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमधली पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः शेती केली, खर्च वहीत मांडला आणि भाव का परवडत नाही ते आधी स्वतःला समजावलं, कांद्याचं आंदोलन त्याच्यानंतर. शेतकऱ्याच्या छातीवरचा तो लाल बिल्ला आठवतो न? सदस्य कोण आहे हे कोणाला विचारायचीच गरज नव्हती.

मीटिंग आणि पैसा, यातच सगळं आहे

मीटिंगचा वार आणि वेळ एकदा ठरवा आणि मेलं तरी बदलू नका. आमचा रविवार सकाळी दहा. "सगळ्यांच्या सोयीनं ठरवू" म्हटलं की ती मीटिंग कधीच होत नाही. दोन जण आले तर दोघांनी घ्यायची, वहीत लिहायचं की दोघे हजर, आणि चहा पिऊन घरी जायचं. मे महिन्यात ४५ डिग्रीत आम्ही सकाळी साडेसातला घ्यायचो, हा एकच बदल, तो पण ठराव करून. सतरंजी समितीची पाहिजे, कोणाच्या घरची नको, कारण ज्याची सतरंजी त्याची मीटिंग होऊन बसते (हसू नका, आमची पहिली फूट सतरंजीवरूनच होती, घर कोणाचं, अंगण कोणाचं आणि मग अध्यक्ष कोण). प्रत्येक निर्णयासमोर सूचक, अनुमोदक, काम कोणाचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहा. भाषण तीन मिनिटं. ज्यांना जास्त बोलायचं त्यांना निवेदन टाइप करायचं काम द्या, आपोआप कमी बोलतात.

आता पैसा. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराचा ठराव पक्का झाला म्हणून ते शाळेच्या पुस्तकात आहे, पण संघटनेच्या अंगाने खरी गोष्ट दुसरीच आहे. काँग्रेस १८८५ ला मुंबईत ७२ प्रतिनिधींनी सुरू केली होती आणि पुढची कितीतरी वर्षं ती म्हणजे वर्षातून एकदा भरणारी मोठ्या लोकांची सभा होती, सभा संपली की वकील आपापल्या कोर्टात. नागपुरात गांधीजींनी घटनाच बदलून टाकली, चार आणे भरा आणि मेंबर व्हा, भाषावार प्रांतिक समित्या, खाली जिल्हा, तालुका, गाव, आणि वर्षभर काम बघायला कार्यकारिणी. चार आणे म्हणजे पैसा जमा करायची आयडिया आहे असं वाटते, पण चार आणे देणाऱ्याला पावती मिळते, आणि पावती हातात आली की तो विचारतो माझ्या चार आण्याचं काय केलं. तिथून मेंबर तयार होतो.

आम्ही घरामागे महिना वीस रुपये ठेवले. शंभर दिले तरी वीसच घ्यायचे आणि ऐंशी परत. लोकं हसायचे, पण त्यामुळे झालं काय की दर महिन्याला कोणीतरी प्रत्येक घराच्या दारात जायचं, आणि वीस रुपये घेता घेता काकू सांगायच्या की लाइटच्या खांबाला करंट उतरतो. ते पावतीपुस्तकच आमचं खरं सर्वेक्षण होतं. पावतीपुस्तक नंबर टाकलेलं घ्या, स्थळप्रत फाडू नका, चुकली तर 'रद्द' लिहून तिथेच ठेवा. आमच्याकडे एकदा ४१ नंबरची अख्खी पावती गायब झाली, दोन्ही प्रती, साठ रुपयाची असेल नसेल, पण त्या एका पानावरून तीन मीटिंगा गेल्या, मी वर म्हटलं ते हळदीकुंकू बंद झालं ते याच पानावरून, आणि सात महिन्यांनी ती पावती सापडली कुठे तर वसुली करणाऱ्या पोराच्या गाडीच्या डिक्कीत, इन्शुरन्सच्या कागदात.

मोठा पैसा नको. एक इच्छुक आले होते, म्हणे साउंड, पेंडॉल, जेवण सगळं माझ्याकडून, फक्त बॅनरवर फोटो. आम्ही नाही म्हटलं, अर्ध्या लोकांना ते आवडलं नाही, आणि ही आमची दुसरी फूट.

निवेदन, माहिती अधिकार, मोर्चा, याच क्रमाने

निवेदन दोन प्रतीत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, फोटो काढून पेपरला देणं म्हणजे निवेदन नव्हे. मग माहितीचा अधिकार, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. आम्ही रोडचं अंदाजपत्रक आणि लेव्हलचा कागद मागितला, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात अर्ज फिरत राहिला, शेवटी अपिलात कागद आला आणि त्यात नालीची लेव्हल घरांच्या खाली दाखवलेली होती. म्हणजे कागदावर पाणी बरोबर वाहत होतं. त्या एका कागदाची पन्नास झेरॉक्स काढली आणि घरोघरी वाटली, त्यानंतर लोकांना भाषण द्यायची गरज पडली नाही.

मोर्चा सगळ्यात शेवटी, आणि पोलिसांची परवानगी घेऊनच, मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार माणसाचं नाव हे सगळं लिहून द्यावं लागते. एकदा आम्हाला हौस आली की हिवाळी अधिवेशनावरच न्यायचा. १९५३ च्या नागपूर करारामुळे इथे अधिवेशन भरते आणि डिसेंबरात यशवंत स्टेडियमजवळ अख्ख्या महाराष्ट्राच्या मागण्या एका रांगेत उभ्या असतात. आमचे साठ लोकं होते. पुढे हजारो अंगणवाडी सेविका, मागे विनाअनुदानित शिक्षक, मध्ये आम्ही नालीचं बॅनर घेऊन. दोन तासांनी आमच्या अर्ध्या बायका अंगणवाडीच्या घोषणा देऊन रायल्या होत्या कारण त्या घोषणा चांगल्या होत्या. मजा आली, पण ज्याचं काम आहे त्या टेबलावर वीस लोकं नेऊन बसवणं जास्त कामाचं, हे तेव्हा कळलं.

नाव आणि नोंदणी

आता ठेवा नाव. संस्था नोंदणी कायदा १८६० चा आहे, किमान सात सदस्य लागतात, ज्ञापन म्हणजे उद्देश काय ते, आणि नियमावली, जागेचा पुरावा किंवा ना-हरकत, सगळ्यांचे ओळखपत्र. आपल्या राज्यात ती नोंदणी झाली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली पण नोंदणी करावी लागते, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांकडे. सात म्हणजे तुम्ही, बायको, भाऊ, वहिनी आणि साळा असं करू नका, चालून जाईल कदाचित पण मग ती संस्था तुमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर फुटते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज, दरवर्षी ऑडिट, हे नाही केलं तर पाच वर्षांनी तुम्ही कागदावर अजून पण 'माजी' माणसांचीच संस्था असता. कारखान्यातले कामगार असाल तर रस्ता वेगळा, युनियनची नोंदणी, तिथे पण अर्जावर किमान सात सह्या, पण त्यासोबत तिथल्या कामगारांपैकी ठरावीक हिस्सा मेंबर असावा लागतो.

नियमावली लिहिताना सगळे उद्देशांवर दोन दोन तास वाद घालतात, सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक वगैरे, आणि भांडण झाल्यावर काय करायचं हे कोणी लिहित नाही. उलटं करा. पदाची मुदत किती, किती लोकं असले की सभा वैध, अध्यक्षाला कसं काढायचं, वह्या-पावत्या कोणाच्या ताब्यात, बँकेत कोणाच्या दोन सह्या, बाहेर पडणाऱ्याला नाव वापरता येईल का, हे लिहा. फूट होणारच आहे. १९२९ ला आयटक या कामगार संघटनेचं अधिवेशन नागपुरात झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि कामगार आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही यावरून ना. म. जोशींसारखी मवाळ मंडळी बाहेर पडून त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला, बाबासाहेब गेल्यावर दहा महिन्यांनी, याच शहरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष, बाबासाहेबांनी स्वतः त्याची कल्पना मांडून ठेवलेली, मागे दीक्षा घेतलेला लाखोंचा समाज, आणि तरी पुढच्या दोन-तीन वर्षांतच पहिली फूट. आपण तर नालीवाले.

आणि पक्ष काढायचाच असेल तर

संघटनेला एका प्रश्नावर मत असलं तरी भागते. पक्षाला कापसाच्या भावापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यावर मत लागते, आणि नाही म्हणायची जबाबदारी पण घ्यावी लागते, म्हणजे तुमच्या लेआउटला पाणी दिलं तर शेजारच्याला उद्या मिळेल हे तोंडावर सांगता आलं पाहिजे. हे जमत असेल तर पुढचं वाचा.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९-अ. पक्ष स्थापन केल्यापासून ३० दिवसांत दिल्लीला निवडणूक आयोगाकडे अर्ज, दहा हजार रुपये फी, पक्षाची घटना, आणि किमान १०० सदस्य जे मतदार यादीत आहेत आणि दुसऱ्या कोणत्या नोंदणीकृत पक्षाचे सदस्य नाहीत, प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र. कागदावर शंभर म्हणजे काहीच नाही वाटते. नागपुरात असे शंभर शोधून दाखवा, एकाने कधीतरी कोणत्या पक्षाचा मेंबर व्हायला मिस्ड कॉल दिलेला असतो, दुसऱ्याची पावती त्याच्या काकांनी फाडलेली असते. पक्षाच्या घटनेत संविधानाशी निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही आणि देशाची एकात्मता हे सगळं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, अंतर्गत निवडणुका जास्तीत जास्त पाच वर्षांनी घेऊच हे पण. मग पेपरात जाहीर सूचना, राष्ट्रीय आणि स्थानिक दोन्ही, हरकतीला ३० दिवस. नोंदणी झाली म्हणजे मान्यता नाही, हा गोंधळ सगळ्यांचा होतो. मान्यता मिळवायचा एक रस्ता म्हणजे विधानसभेत राज्यातल्या वैध मतांच्या सहा टक्के आणि दोन आमदार, बाकी पण रस्ते आहेत पण कोणताच सोपा नाही. तोपर्यंत राखीव चिन्ह नाही, मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळेल ते घ्या. चिन्हाची किंमत काय असते ते हत्तीला विचारा, आधी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, मग रिपब्लिकनचा, मग बसपाचा, पक्ष बदलले पण माणसाला बटण कोणतं ते माहीत.

वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी आयोगाला, दरवर्षी ऑडिट, आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत निवडणूक लढवलीच पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने अशा ३३४ पक्षांची नावं यादीतून काढून टाकली, २०१९ पासून एकही निवडणूक न लढवलेले. लेटरहेड त्यांच्याकडे पण असतीलच. आणि मनपाची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेते, तिथली नोंदणी वेगळी, हे विसरून दिल्लीचा कागद घेऊन इथे उभं राहायला जाणारे मी बघितले आहेत.

आमच्यातल्या चिडणाऱ्याला हे सगळं नको होतं, त्याला सरळ नगरसेवक व्हायचं होतं. २०१७ ची मनपा, ३८ प्रभाग, १५१ जागा, म्हणजे एका प्रभागात चार नगरसेवक आणि साठ हजारांच्या आसपास वस्ती. आमची घरं चारशे. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, काकांनी दाखवलं, सभेत मतदान घेतलं आणि समिती म्हणून कोणाला उभं करायचं नाही असा ठराव झाला. तो सचिवपदाचा राजीनामा देऊन अपक्ष उभा राहिला, चिन्ह मिळालं कुकर, पोरांनी महिनाभर त्याला शिट्ट्या मारल्या. मतं पडली ४१८, त्यातली बरीचशी आपल्याच बूथवरची, म्हणजे आपले लोकं बऱ्यापैकी आले होते, पण प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला त्याला कोणी ओळखतच नव्हतं.

निकालानंतरच्या रविवारी दहा वाजता आम्ही गप्प बसलो होतो, येतो की नाही म्हणून. तो दहा वाजून पाच मिनिटांनी आला, चप्पल काढली, सतरंजीचा एक कोपरा दुमडला होता तो सरळ केला, काकांकडून रजिस्टर मागून घेतलं, सही केली, सहीसमोर पद लिहायचा कॉलम असतो तिथे 'सदस्य' लिहिलं आणि म्हणाला, "ते लेव्हलचं अपील होतं नं, त्याची तारीख कधीची आहे?"